एक खळगा रिकामा

लिहिताना भली लांबलचक अक्षरं,
म्हणताना नुसतं लेमस्टर.
अर्धं गाव जुनं विकतं,
उरलेलं अर्धं जुनं होत बसतं,
असं शैला म्हणते.

ओल्वेन प्रोबर्टच्या दुकानात, तळघराच्या पायरीवर,
लोण्यावर फूल उठवायच्या लाकडी साच्यांखाली
मला ती पेटी सापडली.
आत मखमल, मखमलीत खळगे,
खळग्यांत काचेचे डोळे.
एकोणपन्नास.
पन्नासावा खळगा रिकामा.

कुणा फिरत्या विक्रेत्याचा नमुन्यांचा माल.
खाणीत, यंत्रात, लढाईत ज्याचा गेला
त्याच्या उरलेल्या डोळ्याशेजारी
एकेक धरून बघायचा म्हणे तो, गावोगाव.
निळ्याच्याच सतरा छटा. मग करडे, हिरवट करडे.
कोपऱ्यात दोनच तपकिरी,
चुकून भलत्याच लग्नात शिरल्यासारखे.
"साठ पौंड," ओल्वेन म्हणाली,
"पन्नास असते तर शंभर घेतले असते."

घरी आधीच एक बॅरोमीटर आहे,
अकरा वर्षं काटा 'बदल'वर अडकलेला
(इथल्या हवेत तो चुकत नाही कधी).
कुणा एडिथच्या केसांची वेणी गुंफलेलं ब्रोच आहे.
चिनीमातीचं एक डोकं आहे, कप्पे पाडून वर लिहिलेलं:
इथे लोभ, इथे माया, इथे गुपितं.
शैला त्यावर कानटोपी वाळत घालते,
नेमकी लोभावर.

पेटी मी खिडकीखाली मांडली, झाकण उघडं.
बॉयलर दुरुस्तीला आलेला पोरगा
भिंतीला पाठ लावून काम करून गेला.
हेरेफर्डच्या टिकेकरबाई चहाला आल्या
आणि खुर्ची फिरवून बसल्या.
"आपल्याकडे लोक नजर काढतात," शैला म्हणाली,
"तू ठोक भावात घेऊन आलास."

रविवारी मी एकेक काढून पुसायचो.
मागून पोकळ असतात ते, शिंपल्यासारखे,
हाताला वजन म्हणून लागत नाही.
बाकीच्यांखाली मखमल अजून जांभळी,
रिकाम्या खळग्यात विटून राखाडी झालेली,
म्हणजे गेलेला फार आधी गेला.
कुठला रंग असेल? कुणाला जुळला?
का एखाद्या दाराशी पोर उभं होतं
आणि विक्रेत्याने नियम मोडून नमुनाच देऊन टाकला?
की रात्री खाणावळीत पैजेत हरला?
मी शैलाला विचारायचो.
ती म्हणायची, भाजी निवडून दे आधी.

मार्चमध्ये तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं.
काही गुंतागुंत, म्हणाले, पट्टी राहू दे आठवडाभर.
चौथ्या रात्री पाणी प्यायला उठलो
तर दिवाणखान्यात दिवा.
आरशासमोर ती,
तपकिरी डोळा चिमटीत धरून
पट्टीवर टेकवलेला.
मी दारातच थांबलो.
"फिका आहे रे," ती न वळता म्हणाली.
"एवढे आणलेस, त्यात माझा एकही नाही."

मला काहीतरी बोलायचं होतं.
मी दिवा मालवला फक्त.

पट्टी निघाली. दिसायला लागलं तिला,
भिंतीवरची जळमटंसुद्धा, माझ्या नावानिशी.
पुढच्या रविवारी फडकं घेऊन बसलो
तर पन्नासाव्या खळग्यात चिंचोका.
आमटीच्या चिंचेतला,
धुऊन, खोबरेल लावून घासलेला,
असा लख्ख
की शेजारचे सगळे काचेचे वाटायला लागले.

परवा ओल्वेन आली होती.
कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला,
ओळीओळीवरून बोट फिरवलं, शेवटाशी अडली.
"हा कुठे मिळाला तुला?"
मी गप्प.
"शंभर देते," म्हणाली. "भरली की आता."

आत फोडणी चरचरली.
शैलाला ठसका लागला, की हसू आलं,
ते इथल्या पन्नासांपैकी
कुणालाच दिसलं नाही.